चेंडू येण्याआधी

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरची ती वर्षं आम्ही तोक्योजवळच्या उरायासूत काढली. समुद्र बुजवून केलेली तिथली जमीन त्या दिवशी चिखल होऊन वर आली होती आणि आमच्या गल्लीतले दिव्याचे खांब पुढे बरेच महिने कललेलेच होते. नवरा तोक्योत बँकेच्या पोस्टिंगवर होता. मी पुण्याची फिजिओथेरपिस्ट, पण जपानचा परवाना नसल्यामुळे मला पेशंटवर उपचार करता येत नव्हते. एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये गुडघ्याच्या हालचाली मोजायचं काम मिळालं, ते मी धरून ठेवलं होतं.

तिथेच तो आला. मेक्सिकोचा, व्यावसायिक फुटबॉलपटू, मधल्या फळीत खेळणारा. तिशी ओलांडलेली. डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट सामन्यात तुटलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि पाय कितपत भरून आलाय हे त्याच्या क्लबला आकड्यांत हवं होतं. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं, मला स्पॅनिश अजिबात नाही. त्यामुळे आम्ही दोघं जपानीत बोलायचो. माझं जपानी क्लासमधलं, त्याचं मैदानावरचं. तो प्रोफेसरांशीही सहखेळाडूशी बोलावं तसं बोलायचा आणि आमचे प्रोफेसर हसू दाबायचे.

कॅमेऱ्यांना हालचाल टिपता यावी म्हणून कातडीवर चमकत्या गोळ्या चिकटवायला बराच वेळ जायचा. तेवढ्या वेळात त्याने मला आपलं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वडील पावाच्या भट्टीत कामाला. हा मिसरूड फुटायच्या आत क्लबच्या वसतिगृहात राहायला गेला. विशीत तिकडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये एक मोसम गाजवला. मग प्रशिक्षक बदलला आणि तो बाकावर बसला. पुढे या क्लबने त्या क्लबला उसना द्यायचा, असं चाललं. जपानला थोड्या दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिला. भूकंपानंतर बायको मुलीला घेऊन परत गेली. तिने त्यालाही बोलावलं होतं, पण टीममधल्या कोणाकोणाची घरं गेली होती. त्यांना सोडून निघायला पाय उचलला नाही, असं तो म्हणाला.

एकदा तो जमिनीत बसवलेल्या, पायाचा दाब मोजणाऱ्या पाटावर डाव्या पायावर तोल सांभाळून उभा होता, तेवढ्यात हादरा बसला. कपाटं खडखडली. आम्ही सगळे टेबलांखाली. मी तिथून पाहिलं, तर हा तसाच एका पायावर, हात पसरून. हलायचं थांबल्यावर प्रोफेसर म्हणाले, हे मोजमाप बाद, पुन्हा घेऊ.

"बाद का?" त्याने विचारलं. "मी पडलो नाही."

प्रोफेसरांनी ते बाद केलंच. पण मला त्या दिवशी कळलं की हा माणूस ऐकणार नाही.

अंतिम अहवाल चांगला नव्हता. सरळ धावण्यात फारसा फरक राहिला नव्हता, पण डावा पाय रोवून गर्रकन वळायला त्याला वेळ लागत होता. मधल्या फळीत तेच तर लागतं. समोरच्या संघाच्या गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा आणि वळायचं. क्लबचा माणूस येऊन ऐकून गेला आणि काही दिवसांतच करार पुढे वाढवणार नसल्याचं कळवलं. मी त्याला काय सांगावं या विचारात होते. त्याने मला आलेखावर बोट ठेवायला लावलं.

"फक्त वळणं कमी पडतंय? बाकी ठीक?"

मी म्हटलं, हो, वळणंच.

त्याने आलेखावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "चेंडू येण्याआधीच मी वळलेला असलो, तर?"

दुसऱ्या आठवड्यापासून त्याने विद्यापीठाच्या मैदानावर मला उभं केलं. प्रोफेसरांची परवानगी मीच मागितली. विद्यार्थी समोरून त्याला पास द्यायचे, मी त्याच्या पाठीमागे लांबवर रंगीत बनियन उंच धरायची. चेंडू पोचायच्या आत त्याने मान वळवून मागे पाहायचं, रंग ओरडून सांगायचा आणि अंग आधीच तिरकं करून ठेवायचं. पहिले कित्येक दिवस तो चुकत होता. मी हिरवा धरला की तो निळ्याचा शब्द ओरडायचा, आणि जपानी लोक हिरव्या सिग्नलला निळाच म्हणतात, असं सांगून वाद घालायचा. पावसात, उकाड्यात, गुडघा सुजलेला असताना बर्फ बांधून तो येत राहिला. माझेही हात भरून यायचे. घरी नवरा म्हणायचा, तू नोकरी कुठली करतेस नक्की?

खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबने त्याला चाचणीला बोलावलं आणि ठेवून घेतलं. वसंतात मी आणि नवरा त्याचा सामना बघायला ट्रेन बदलत बदलत गेलो. छोटं मैदान, मोजकी माणसं. तो उत्तरार्धात उतरला. आता तो पूर्वीसारखा मैदानभर धावत नव्हता, बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून खेळत होता. पण चेंडू त्याच्याकडे निघाला की मान आधी डावीकडे, मग उजवीकडे. एकदा चेंडू पायाला लागला न लागला तोच त्याने तो दूरच्या कोपऱ्यात अचूक पाठवला. गोल झाला नाही. शेजारचे आजोबा मात्र स्वतःशीच "छान" म्हणाले.

सामना संपल्यावर तो कुंपणापाशी आला, घामाने निथळत. मी अभिनंदन केलं. त्याने ते हाताने बाजूला सारल्यासारखं केलं आणि विचारलं, "तुमची परवान्याची परीक्षा कधी?"

मी म्हटलं, जपानी वाचून इतकं अवघड शास्त्र लिहायला मला जमेलसं वाटत नाही.

"परीक्षा न देताच नाही म्हणता?" तो म्हणाला. "आधी देऊन बघा."

तो तिथे आणखी दोन मोसम खेळला. मग गुडघ्याने पुन्हा त्रास दिला, तेव्हा कोणी सांगायच्या आत त्याने स्वतःच थांबायचं ठरवलं आणि घरी परतला. आता गावाकडे लहान मुलांना शिकवतो, असं त्याच्या बायकोने कळवलं. मी परीक्षेला पहिल्यांदा बसले आणि नापास झाले. नवऱ्याचं पोस्टिंग वाढलं होतं, म्हणून पुन्हा बसले. आता तोक्योतल्या फुनाबोरीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात सकाळी आठला मी पांढरा कोट चढवते आणि पहिल्या आजींच्या गुडघ्याला हात लावते.