गिरणीच्या दारातली पहार

कोर्टात मी खरं बोलले, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. ज्यांचं नुकसान झालं ते दात-ओठ खात म्हणतात, ज्यांचं भलं झालं ते हात जोडून म्हणतात. दोघंही चुकतात. मी अर्धं बोलले. उरलेलं अर्धं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढे बसून मनातसुद्धा नीट उच्चारलेलं नाही. ते आज सांगणार आहे. थोडी आडवळणानं जाईन कदाचित — सवयच तशी लागली आहे — पण पोचणार आहे.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यातलं, तीर्थपुरीहून जीपनं थोडंसं आत. पेठेच्या रस्त्यावर आमची पिठाची गिरणी. आमचे मालक शेत बघतात, गिरणी मी बघते. आमची भावकी मोठी, जमीन जुनी, गावात आपला शब्द चालतो — लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकत आले, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला बरंच वाटायचं.

गिरणीसमोर, रस्त्यापलीकडे, सुमेधचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, हे त्याचं काम. जालन्याला शिकून आलेला, तिशीतला, कमी बोलणारा. बौद्ध वस्तीतला. त्याची आई, निर्मला, आमच्या शेतात खुरपायला यायची. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, पण मी तिला ‘ए निर्मला’ म्हणायची आणि ती मला ‘बाई’. पेठेच्या रांगेत दुकान टाकणारा त्यांच्या वस्तीतला सुमेध पहिलाच. आमच्या भावकीला ते खुपत होतं. कुणी उघड बोलत नव्हतं, पण मोटार जळली की सगळे त्याच्याकडेच जायचे आणि येताना चेहरा आंबट करून यायचे.

मला खुपत होतं का? तेच सांगायचं आहे.

एकदा गिरणीची मोटार जळाली. सुमेध स्वतः खोलून घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी बसवून दिली. मी चहा केला. आमच्याकडे खिडकीत एक स्टीलचा गिलास वेगळा ठेवलेला असायचा — कशासाठी ते तुम्हाला कळलं असेल. त्यात चहा ओतून मी पुढे केला. त्यानं गिलासाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कपबशीकडे बघितलं. म्हणाला, “राहू द्या मावशी, म्या दुकानातच पिऊन आलो.” राग नाही, टोमणा नाही. हात पुसले आणि गेला. मी गिलास हातात धरून उभी. थोबाडीत बसल्यासारखं झालं. खरं तर थोबाडीत कुणी कुणाला मारली होती? पण तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा एवढंच वाटलं — याची ही हिंमत. ते मनात राहिलं. बरेच महिने राहिलं.

मग महेशचं झालं. महेश माझा पुतण्या, थोरल्या दिरांचा मुलगा. माझ्या मांडीवर वाढलेला म्हणावा असा. ऐन पाणी द्यायच्या दिवसांत त्याच्या विहिरीवरची मोटार जळाली. तो सुमेधकडे घेऊन गेला आणि आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणाला. सुमेध म्हणाला, आधीच्या चार मोटारी आहेत, मंगळवारी मिळेल. महेशनं जातीवरून शिवी दिली. गिरणीत मला ऐकू आली. सुमेधचं उत्तरही ऐकू आलं, “जातीवर जाऊ नका दादा. काम नंबरानंच होईल.”

बाजारच्या दिवशी, दुपारी, महेश दोन मित्र घेऊन आला. वीज गेलेली होती. गिरणी बंद, मी दारात बसलेली. त्यांनी सुमेधला दुकानातून ओढून रस्त्यावर आणलं. मित्रांच्या हातात काठ्या, महेशच्या हातात पहार. ‘पेठेत बसतो का, नंबर लावतो का आम्हाला’ असं म्हणत होते आणि मधे मधे जात काढत होते. बाजारातली माणसं दूर सरकून उभी राहिली. पहिली पहार सुमेधच्या डाव्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्याच्या अलीकडे ऐकू आला. तो गुडघ्यावर आला. महेशनं पुन्हा उगारली, तेव्हा सुमेधनं उजव्या हातानं ती धरली, हिसकली आणि फिरवली. एकदाच. महेशच्या कानशिलावर बसली. तो पडला, मित्र पळाले. सुमेधनं पहार खाली टाकली आणि तिथंच बसून राहिला, डावा हात लोंबत होता. पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तसाच बसून होता.

महेश वाचला. एक कान कायमचा गेला.

दोन केसेस झाल्या. सुमेधची — जातीवरून मारहाणीची, महेश आणि त्या दोघांवर. आणि महेशची — जिवे मारण्याचा प्रयत्न, सुमेधवर. सगळं येऊन थांबलं एका प्रश्नावर. पहार कुणाची? सुमेध दुकानातून घेऊन निघाला असेल तर तो मारायलाच निघाला होता. महेशच्या हातातून हिसकली असेल तर त्यानं जीव वाचवला.

त्या संध्याकाळी थोरले दीर गिरणीत आले. डोळे रडून सुजलेले. म्हणाले, “तू समोरच होती. पोलीस तुलाच इचारतील. पहारीचं काय सांगावं?” आणि मी — लक्षात घ्या, त्यांनी मला काही शिकवलं नाही — मी म्हणाले, “त्याच्या दुकानात असल्या लोखंडी वस्तू असतातच की, भाऊजी. त्याचीच म्हणायची.” ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मान डोलावली. खोटं माझं होतं. पहिल्या अक्षरापासून माझं.

दुसऱ्या दिवशी मी जबाब दिला. सुमेध दुकानातून पहार घेऊन धावत आला, असा. खाली सही केली.

सुमेध पाच महिने जेलमध्ये होता. खांद्याचं हाड वाकडं जुळलं. दुकानाला कुलूप. निर्मला मात्र दळण घेऊन येत राहिली, कारण तेव्हा पेठेत दुसरी गिरणी नव्हती. एकदा डबा खाली ठेवून म्हणाली, “बाई, तुमी तं समोरच व्हत्या. माझ्या लेकरानं पहार आणली न्हाई, हे तुमाला दिसलंच असंल ना?”

मी बटण दाबलं. गिरणी सुरू झाली. त्या आवाजात कुणालाच काही बोलता येत नाही.

ती पीठ घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. पुन्हा विचारलं नाही.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. जालन्याच्या कोर्टात मला महेशच्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलावलं. सरकारी वकिलांनी पहार माझ्यापुढे धरली, कागदाची चिठ्ठी बांधलेली. ओळखता का म्हणाले. चार वर्षांत मी ती पाहिली नव्हती. गिरणीचा वरचा दगड उचलायला आम्ही तीच वापरायचो. तिच्या बुडाशी माझ्या सासऱ्यांनी छिन्नीनं पाडलेल्या तीन खाचा होत्या. बोट आपोआप त्या खाचांवर गेलं. आणि तोंडून निघून गेलं, “ही आमच्या गिरणीची आहे.”

वकिलांनी मी फितूर झाले म्हणून सांगितलं आणि उलटसुलट विचारू लागले. मी सांगितलं — महेशच्या हातात होती, त्यानं मारली, सुमेधनं हिसकली. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, “तुमच्या गिरणीतली पहार महेशकडे कशी आली?”

मी म्हणाले, “दाराशी ठेवलेली असते साहेब. पोरांनी जाता जाता उचलली असंल.”

असंल. त्या एका शब्दामागे मी लपले.

सुमेध सुटला. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केलेला वार, असं निकालात आलं. भावकीनं आमच्याशी बोलणं टाकलं. थोरल्या जाऊबाई रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवतात. मालक मला एक शब्द बोलले नाहीत, उलट म्हणाले, “खरं बोलली ना? बास मंग.” निर्मला गिरणीत आली, माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. तेव्हापासून मी तिला निर्मलाबाई म्हणते. वस्तीतल्या लोकांनी कार्यक्रमात बोलावलं, सगळ्यांसमोर शाल दिली. अशी बाई गावात पाहिजे म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी नको म्हणू शकत होते. म्हणाले का? नाही. वाकून शाल घेतली.

महेश गप्प राहिला. मी त्याच्याविरुद्ध बोलले तरी त्यानं माझं नाव काढलं नाही. तुम्हाला वाटेल, काकूची माया. माया नव्हती. माझं नाव काढलं असतं तर तोही अडकला असता. कारण त्याच्यावरची केस अजून चालू आहे, आणि त्यात त्याचा वकील म्हणतो आहे — पोरं तिथून चालली होती, बाचाबाची झाली, रागाच्या भरात हाताला लागलं ते उचललं. ठरवून काही नव्हतं, जातीचा काही संबंध नव्हता. आणि पुरावा काय? माझी साक्ष. ‘जाता जाता उचलली असंल.’ सुमेधला सोडवणारी माझी साक्ष आता महेशला सोडवणार आहे.

तर आता सांगते.

त्या दुपारी महेश आधी गिरणीत आला. मित्र बाहेर मोटारसायकलवर थांबलेले. तो म्हणाला, “काकू, ती पहार द्या जरा.”

मी विचारलं, “कशाला रे?”

“लय माजलेत हे लोक. त्या सुमेधला त्याची जागा दाखवून येतो.”

पहार दाराशी नव्हती. आत, दगडाच्या मागे होती. ती मी उठून आणली. त्यानं उचलली नाही — मी दिली. त्याच्या हातात दिली. आणि देताना म्हणाले — हे वाक्य इतकी वर्षं माझ्या जिभेखाली आहे — म्हणाले, “डोक्यात नको मारू बरं.”

म्हणजे बाकी कुठं मारलं तरी चालणार होतं. म्हणजे मला सगळं कळलं होतं. कुणाला, कशानं, कशासाठी. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, सुमेधची दयाही आली नाही. तो न प्यालेला चहा आठवला, आणि बरं वाटलं. मग मी दारात येऊन बसले. बघायला बसले.

याला मी पुष्कळ नावं देऊन पाहिली. पोरगं मागत होतं, दिलं. घरातलं माणूस होतं. बाईमाणूस काय अडवणार. एकही टिकत नाही. मी त्याला अडवू शकत होते, तो माझं ऐकायचा. डोक्यात मारू नको म्हटलं, तेही त्यानं ऐकलंच की. पहिली पहार खांद्यावरच बसली. ‘जाऊ नको’ म्हटलं असतं तर?

मला समन्स आलं आहे, महेशच्या केसमध्ये. सोमवारची तारीख. हे लिहून झालं की मालकांना वाचून दाखवणार आहे. उद्या सकाळी वस्तीत जाऊन निर्मलाबाईंना आणि सुमेधला सांगणार आहे, त्यांच्या दारात उभी राहून. त्यांना माझ्या गिरणीत बोलावून नाही. ती शाल परत देईन. त्यांनी दार लावलं तर लावावं. मग जालन्याला जाऊन सरकारी वकिलांच्या हातात लेखी देईन. शेजारच्या गावातल्या एका वकिलाला, दुसऱ्या कुणाचं म्हणून, विचारून ठेवलं आहे. तो म्हणाला, “त्या बाईला पण आरोपी करतील, सांगून ठेवा तिला.” मी म्हटलं, सांगते.

कोर्टात मला एक प्रश्न नक्की येईल — आधी दोनदा खोटं बोललात, आता का विश्वास ठेवायचा? ठेवू नका म्हणेन. महेशला समोर उभं करा आणि त्याला विचारा, काकूनं पहार देताना काय सांगितलं होतं. तो माझ्याकडे बघेल. मी खाली बघणार नाही.

आणि इतके दिवस गप्प का होतात, असं विचारलं तर — स्वतःला वाचवायला. त्याहून दुसरं काही सांगणार नाही, कारण दुसरं काही नाही.