तीन थाऊ की पाच

माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक इंग्लिश स्पोर्ट्स कार उभी आहे. तिचं नाव मी सांगत नाही, कारण सांगून काही उपयोग होत नाही. नाव ऐकलं की लोक विचारतात, "ही कंपनी कुठली?" कंपनी बंद पडून जमाना झाला, गाड्याही मोजक्याच निघाल्या, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग ॲव्हरेज काय देते?" चाळीस वर्षं मी या शहरात त्या गाडीवर जीव लावून बसलोय. तिच्याबद्दल पाच मिनिटं धड बोलता येईल असा माणूस मला एकच मिळाला आणि त्यालाही मी माझ्या तोंडानं घालवलं.

गाडी इथं आणली ती एका जहागीरदाराच्या मुलानं. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या आणि चार-पाच वर्षांनी हा पठ्ठ्या मुंबईच्या बंदरात ही गाडी उतरवून स्वतः चालवत घेऊन आला. "गावं गेली अन् गाडी आली," असं लोक हसायचे म्हणे. दोन दारं, वर कापडी टप, आत एकच सलग बाक, आणि बसायला इतकी खाली की हात बाहेर काढला तर रस्ता लागेल असं वाटावं. तो कायमचा हैदराबादला गेला, गाडी मागं राहिली. दोन-तीन हात बदलून ती औरंगपुऱ्यातल्या एका कापडदुकानामागं गाठींच्या ढिगाखाली मला दिसली. मी तेव्हा आयटीआयमध्ये ड्रॉईंग शिकवायचो. नवी नोकरी, नवं लग्न. स्कूटर बघायला म्हणून घरातून निघालो होतो आणि ही ढकलत घरी आणली.

आई कन्नडजवळच्या आमच्या गावाहून मुद्दाम बघायला आली. गाडीभोवती एक फेरी मारून तिनं विचारलं, "मान्सं किती बसत्यात?"

"दोन. दाटीवाटीनं तीन."

"अन् पोतं कुठं ठिवायचं?"

"पोतं नाय बसत."

"मंग घेतली कशाला, बाबा?"

मी टपावरची धूळ झटकायला लागलो.

गाडीबरोबर दुरुस्तीचं एक पुस्तक आलं होतं, तेलाच्या बोटांनी काळं-पिवळं झालेलं. त्यातल्या आकृत्या बघितल्या आणि मी तिथंच गार झालो. रेषेवरून माणूस ओळखू येतो, असं मी पोरांना वर्गात रोज सांगायचो, पण खरं सांगायचं तर तोवर मला स्वतःला कुणी ओळखू आला नव्हता. इथं आला. आडवं इंजिन, दोन सिलिंडर या बाजूला, दोन त्या बाजूला. एक रेष जास्त नाही की कमी नाही, आणि प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात तीच दोन अक्षरं. पुढं एका जुन्या परदेशी मासिकात कळलं की हे सगळं इंजिन एकाच माणसानं कागदावर काढलं होतं. कंपनी बंद पडल्यावर तो बेकरीतले पाव कागदात गुंडाळायची यंत्रं काढायच्या नोकरीला लागला. ते वाचून मला घरातल्या माणसाचं ऐकावं तसं वाईट वाटलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "पाव गुंडाळणं वाईट आहे होय?" तिचं बरोबरच होतं, पण माझा दिवस गेला.

मग उस्ताद भेटले. रोशन गेटच्या अलीकडं त्यांचं गॅरेज होतं. निजामाच्या काळातल्या बसगाड्यांवर त्यांचा हात बसलेला. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ, आणि कामात असले की तोंडातून शब्द नाही. पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं आणि अर्धा तास नुसतं बघत उभे राहिले. हातसुद्धा लावला नाही. मग म्हणाले, "मास्तर, बनानेवाला लई शाना आदमी आहे. हे बघा, पाना फिरवायला जागा ठेवलीय. यानं सोताचे हात कधीतरी खरचटून घेतलेत." थोड्या वेळानं रेडिएटरच्या मागं एक बोल्ट सापडला, तिथं पाना काय, करंगळीही जात नव्हती. "या दिवशी मात्र बायकोशी भांडून आला होता," उस्ताद म्हणाले.

त्यानंतर बारा वर्षं माझा प्रत्येक रविवार त्या गॅरेजमध्ये गेला. काम असायचंच असं नाही. चहा मागवायचा आणि त्या न बघितलेल्या माणसाबद्दल बोलायचं. त्यानं इथं वळण का दिलं असेल, तिथं पितळ का वापरलं असेल. आपल्याच गल्लीतला कुणी परदेशी गेलाय आणि मागं त्याचा विषय निघालाय, असं ते बोलणं असायचं. मी पुस्तकातली आकृती दाखवायचो, उस्ताद बोटानं तो भाग चाचपायचे. मला इंग्रजी यायचं, त्यांना इंजिन. मी इतका सुखी पुन्हा कधी झालो नाही.

बाराव्या वर्षी सगळं इंजिन उघडावं लागलं. भांडण झालं ते केसाएवढ्या फरकावरून, म्हणून तो फरक सांगायला हवा. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि त्यात बसवलेले लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांतून फिरतो त्या नळ्या, लोखंडाचे. लायनरचं तोंड ब्लॉकच्या पातळीहून किंचित वर राहायला हवं, म्हणजे वरून हेड आवळलं की मधलं गास्केट नीट दाबलं जातं आणि पाणी तेलात शिरत नाही. किती वर, तर पुस्तकात तीन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उस्तादांनी लायनरच्या कडेवरून नख फिरवलं.

"कमी आहे, मास्तर. पाच पायजे. खालच्या चकत्या बदलू."

"पुस्तकात तीन लिहिलंय."

"किताब थंड मुल्कात लिहेली. ॲल्युमिनियम गरम झालं की फुगतं, लोखंड तेवढं नाय फुगत. आपल्या उन्हात घाट चढवा, तीनमधलं एक बी राहणार नाय."

धातू किती प्रसरण पावतात याचा तक्ता माझ्याच वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता. दरवर्षी मी तो शिकवायचो. पण समोर त्याच्या हातची आकृती होती, कोपऱ्यात त्याची दोन अक्षरं होती, आणि आकृतीत तीन होतं. मी म्हणालो, "उस्ताद, ज्यानं इंजिन काढलं त्याला जास्त कळतं की तुम्हाला?"

ते हसले. "गाडी तुमची," म्हणाले, आणि माझ्याच फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून बरोबर तीनवर बसवून दिलं. एकेक नट त्यांनी माझ्यासमोर आवळला.

मे महिन्यात मी बायकोला घेऊन एका लग्नासाठी चाळीसगावला गेलो. येताना कन्नडचा घाट चढत होतो. अर्ध्यात बॉनेटमधून पांढरी वाफ आली आणि इंजिन बसलं. तेल बघितलं तर चहात दूध घालावं तसं झालेलं. पाणी शिरलं होतं. बायको डोक्यावर पदर घेऊन दगडावर बसली होती, ती एवढंच म्हणाली, "उस्तादांनी सांगितलं होतं ना?"

ते वाक्य मला फार लागलं. कांद्याच्या ट्रकमागं दोर बांधून गाडी शहरात आणली, तोवर ते वाक्य माझ्या डोक्यात कुजत होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "फिटिंग ढिलं राहिलं. इंजिनिअर चुकला नाही, फिटर चुकला."

हे खोटं आहे हे बोलताना मला माहीत होतं. उस्तादांनी चिंधीला हात पुसले. गाडीची एक किल्ली त्यांच्याकडं भिंतीवरच्या खिळ्याला असायची, ती काढून माझ्या हातात दिली. "लेके जाओ, साब," म्हणाले. बारा वर्षं ते माझ्याशी मराठीत बोलायचे, त्यांच्या पद्धतीच्या का होईना. त्या दिवशी अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलले आणि दुसऱ्या गाडीखाली गेले.

पहिला रविवार मी गेलो नाही. दुसरा गेलो नाही. तिसऱ्या रविवारी कुठल्या तोंडानं जाऊ, असं झालं. "जाऊन या एकदा," असं बायको दोनदा म्हणाली, मग तिनं म्हणायचं सोडलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी माझी गत. दुसऱ्या कुणाला मी गाडीला हात लावू दिला नाही. ती शेडमध्ये गेली ती गेलीच. रविवार खायला उठायचा. पुढं बायकोही गेली आणि मग सगळेच वार सारखे झाले. एखादी गोष्ट आवडणं आणि ती सांगायला कुणी नसणं, हे दुखणं कुणाला दाखवताही येत नाही. शेडमध्ये जाऊन मी कधी कधी पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायचो. शेजाऱ्यांना वाटायचं मास्तर पोथी वाचतात.

निवृत्त झाल्यावर इंग्लंडमधल्या या गाडीच्या शौकिनांच्या एका मंडळाचा पत्ता मिळाला. मी एकच प्रश्न लिहून पाठवला. तीन की पाच? इथल्या एका फिटरचं म्हणणं पाच असं आहे आणि त्याची कारणं ही, असंही लिहिलं. भांडण झाल्याचं लिहिलं नाही. बऱ्याच महिन्यांनी एक पाकीट आलं. आतलं अक्षर कापरं होतं, पण सहीतली दोन अक्षरं बघितली आणि मी ओळखलं. मंडळानं माझं पत्र इंजिन काढणाऱ्याकडंच धाडलं होतं आणि उत्तर त्यानंच लिहिलं होतं. नव्वदी ओलांडली होती त्यानं.

तीन हा आकडा माझाच, असं त्यानं लिहिलं होतं. हिवाळ्यात, कारखान्यातल्या बाकावर काढलेला. मग उष्ण देशांतून तक्रारी आल्या आणि त्यानं तो बदलून पाच केला. पण सुधारलेलं पान छापायच्या आत कंपनी बंद पडली आणि तो कागद त्याच्या टेबलाच्या खणात राहिला. शेवटी त्यानं विचारलं होतं, तो कागद न बघता ज्या माणसानं पाच सांगितलं, त्याचं नाव काय? मला त्याला स्वतः लिहायचं आहे.

पत्र मी उभ्यानंच तीनदा वाचलं, मग खाली बसलो. मला नाव माहीत नव्हतं.

रोशन गेटला गेलो. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान झालेलं. शेजारच्या टायरवाल्यानं सांगितलं, उस्तादांच्या मुलानं बिडकीनला घर बांधलंय, तिकडंच असतात. नाव त्यालाही विचारता आलं असतं. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बिडकीनला उतरलो.

उस्ताद अंगणात खाटेवर बसले होते. अंग अजून आटलेलं, दाढी पांढरी. मी पुढं जाऊन उभा राहिलो. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर." सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी पत्र काढलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो.

"कुणाचा कागद म्हणालात?"

"त्याचा. बनवणाऱ्याचा."

"जिंदा है?" उस्तादांचं तोंड फुललं. "पाव गुंडाळायच्या मशीनी काढायचा ना तो?" त्यांना सगळं आठवत होतं. खणातल्या कागदाचं सांगितलं तेव्हा ते समाधानानं मान हलवत राहिले. "मला वाटलंच होतं. एवढा शाना आदमी, त्याच्या ध्यानात आल्याबिगर कसं राहील."

मी म्हणालो, "तुमचं बरोबर होतं, उस्ताद."

"ते मला माहीत होतं. तुमाला बी माहीत होतं."

"चुकलं माझं."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "त्यासाठी विलायतेचा कागद यायची वाट कशाला बघितली, मास्तर? मी इतकी सालं रोशन गेटलाच होतो."

सून आतून बघत होती. शेवटी मी पाकीट पुढं करून कसंबसं म्हणालो, "त्यांनी तुमचं नाव विचारलंय. तुम्हाला पत्र लिहायचंय त्यांना."

"तुमी कळवलं नाय?"

मी मान खाली घातली. मला त्यांचं नावच माहीत नाही, हे त्यांना कळलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लिवा," म्हणाले. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून त्यांनी सांगितलं. मी पाकिटाच्या मागं ड्रॉईंगच्या अक्षरात लिहिलं. बरोबर आहे का बघायला मोठ्यानं वाचलं, आणि वाचता वाचता त्याच नावानं त्यांना हाक मारून पुढं साहेब जोडलं.

उस्तादांनी हात वर केला. "ते नाव त्याच्यासाठी दिलं. तुमी उस्तादच म्हणा."

मी बरं म्हणालो, चहा संपवला आणि पाकीट खिशात घालून एसटीच्या थांब्याकडं निघालो.