शेपटी म्हणवून घेणारी ताई

माझ्या थोरल्या बहिणीला लोक शेपटी म्हणतात आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही, हेच माझं दुखणं. एका गायकाच्या गाडीमागे पळणाऱ्या चाहत्यांना कुणीतरी टिंगल म्हणून ‘शेपट्या’ म्हटलं. दुसरं कुणी असतं तर तोंड लपवलं असतं. यांनी तेच नाव छापून बिल्ले केले. आमच्या बाईसाहेबांचं वय एकावन्न, कमरेला पट्टा, आणि पिशवीवर बिल्ला.

तशी ताई खुळी नाही. कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं शर्टांना कॉलर लावतेय. तिची शिलाई उसवायची वेळ कधी कुणावर आली नाही. पण आता मणक्याने दगा दिलाय. डॉक्टरांनी बजावलं, मशीनवर बसणं सोडा, नाहीतर अंथरूण धराल. तेवढ्यात सुपरवायझरची जागा निघाली. हिंडतफिरत दुसऱ्यांची शिलाई तपासायची, बसायचं काम नाही. ताईशिवाय त्या जागेला लायक होतं कोण?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी तिच्या मागेच लागले. “बिल्ला काढ. नव्या साहेबांनी विचारलं तर नाही म्हण. एकदाच खोटं बोल गं बाई.”

“बघू,” म्हणाली. तिचं ‘बघू’ म्हणजे नाहीच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. खोक्यांचं निमित्त काढून साहेबांच्या दाराशी उभी राहिले. साहेबांनी पिशवीकडे बघितलं आणि हसले.

“तुम्हीपण शेपटी? या वयात?”

“हो. सतरा वर्षं झाली.”

“मग बायका तुमचं ऐकणार कशा?”

ताई पिशवी उचलून बाहेर आली. जागा मिळाली चोवीस वर्षांच्या पोरीला. तिला सुईत दोरा ओवण्यापासून सगळं ताईनेच शिकवलेलं.

घरी येईपर्यंत मी कसाबसा दम धरला, मग तोंडाचा पट्टा सोडला. “कुणासाठी पायावर धोंडा पाडून घेतलास? त्या गाणाऱ्याला तुझं नाव तरी ठाऊक आहे का?”

ताई कमरेखाली उशी घेऊन आडवी झाली होती. “नाही,” म्हणाली. “साहेबांना तरी कुठे ठाऊक होतं? बोट ठेवून कागदावरचं वाचलं त्यांनी. आणि मागे मी महिनाभर पडून होते, तू दिवसभर कामावर. तेव्हा दुपारचं जेवण कोण आणायचं गं?”

शेपट्याच आणायच्या, पाळीपाळीने. कारखान्यातून एकजणही फिरकला नव्हता. मला सगळं माहीत होतं, तरी माझा राग जाईना. एकदा ‘नाही’ म्हटलं असतं तर त्या शेपट्यांचं काय जाणार होतं? त्यांनीच तिला सांगितलं असतं, म्हण म्हणून.

सकाळी सातला तिला मशीनवर बसायचं होतं, आणि कूस बदलायला तिला माझा हात लागत होता.