न शिकवायची अट

माझी ताई वयाने माझ्यापेक्षा थोडीच मोठी, पण अकलेने आजी आहे, असं आई म्हणायची. मला ते कधीच पटलं नाही. अक्कल असती तर ती गोड बोलणाऱ्यांच्या नादी लागली नसती. पण ते राहू दे, सुरुवातीपासून सांगते.

नवऱ्याने दुसरा संसार थाटला तेव्हा ताई एक पेटी आणि पुस्तकांचं गाठोडं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. माझ्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी शर्टांची काज-बटणं करते. कारखान्याचा माणूस सकाळी गठ्ठा टाकून जातो, संध्याकाळी उचलून नेतो. माझे हे ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. ताई आली आणि दुसऱ्याच दिवशी पायरीवर गल्लीतली पोरं गोळा करून बसली. फळा नाही, खडू नाही. कारखान्याच्या गठ्ठ्यांतून निघालेले पुठ्ठे आणि चुलीतला कोळसा. "अ काढ. पोट मोठं काढ त्याचं, उपाशी आहे का तो?" असं चालायचं.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" मी ओरडायचे. "एक पैसा देत नाही कुणी, आणि माझ्या पायरीवर ही गर्दी!"

"तू बटणं लाव गं," ती म्हणायची. "बटणं तरी कुठे बोलतात? ही पोरं बोलतात."

तिला शिकवण्याची खाजच होती. भाजी निवडताना शिकवेल, नळाच्या रांगेत शिकवेल. माझी मुलगी, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी बसेल तर शपथ, ती मावशीपुढे मात्र गपगुमान बसायची. तिला अक्षरं लागली. 'घर' वाचायची, 'नळ' वाचायची, 'बदक' वाचून स्वतःच टाळ्या वाजवायची. काना-मात्रा अजून यायच्या होत्या.

तेवढ्यात ती संशोधन संस्था आली.

गरीब वस्त्यांतली पोरं शाळेत जाऊनही वाचायला का शिकत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी घरोघर जाऊन विचारणारी माणसं हवी होती. ताई बारावी शिकलेली, बोलायला गोड, तिला लगेच घेतलं. घरात माणसं किती, कोण किती शिकलं, पंखा आहे का, संडास घरात की बाहेर, मुलगी शाळेतून आल्यावर काय करते? दुसरं कुणी असतं तर बायकांनी दार आपटलं असतं. ताईला त्या आत बोलवायच्या. नवऱ्याला न सांगितलेलं तिला सांगायच्या. गल्लीने तिचं नाव चौकशीबाई पाडलं आणि तिलाही ते आवडलं. खरं सांगते, तेव्हा मलाही तिचा अभिमान वाटायचा.

मग एक दिवस संस्थेचे सर शाळेच्या पटांगणात आले. संध्याकाळचे वाचनवर्ग सुरू करायचे होते, पण सगळ्या गल्ल्यांत नाही. निम्म्या गल्ल्यांना आता, निम्म्यांना दोन वर्षांनी. बादलीत चिठ्ठ्या टाकल्या. मागच्या गल्लीची निघाली, आमची नाही निघाली.

सरांनी समजावलं, "दोन कुंड्या घ्या. एकीला खत घाला, दुसरीला घालू नका. तरच कळेल ना, खताचा उपयोग होतो की नाही?"

"आणि बिनखताची कुंडी कुणाची, साहेब?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही. ताईने कोपराने ढोसलं.

"फक्त दोन वर्षं, बाई," सर हसून म्हणाले. "मग तुम्हालाही वर्ग. माझा शब्द."

ताईला त्यांनी आणखी एक अट घातली. वर्ग नसलेल्या गल्लीत तिने कुणालाही शिकवायचं नाही. पायरीवर नाही, घरात नाही. तिने शिकवलं तर दोन्हीकडची पोरं सारखी दिसतील, सगळा अभ्यास वाया जाईल, आणि मग देणगी देणारे म्हणतील, कशाला हवेत वर्ग?

दुसऱ्या दिवसापासून पायरी रिकामी. ताई दारोदार हिंडली. "दोन वर्षं कळ काढा. आपल्यालाही वर्ग येणार आहे. सरांनी शब्द दिलाय, आणि मी आहे ना इथे! मी कुठे पळून चाललेय का?" बायकांनी सरांवर नाही, तिच्यावर विश्वास ठेवला. शेजारची शिंपीण तर म्हणाली, "चौकशीबाई म्हणते तर खरंच असेल."

भिंगरीला हे कसं समजणार? ती पुस्तक घेऊन आली, "मावशी, हे काय लिहिलंय?" ताईने पुस्तक मिटलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "पुढे शिकायचं हं, राणी. वर्ग आला की."

माझं डोकं सणकलं. "अगं, घरची पोर आहे ती! कोण बघायला येतंय?"

"मला माहीत असेल ना," ताई म्हणाली. "चोरून एकीला शिकवू आणि बाकीच्यांचा वर्ग घालवू? तिच्याचसाठी करतेय मी हे. तिला नीट शिकलेले मास्तर मिळतील, पुस्तकं मिळतील. माझ्यासारखं कोळशाने नाही."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मी म्हटलं. त्यानंतर भिंगरी पुस्तक घेऊन बसली की ताई उठून नळावर जायची. पाणी भरलेलं असलं तरी जायची.

मागच्या गल्लीतली पोरं धडाधड वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावं, औषधाच्या बाटल्या, काय दिसेल ते. भिंगरीची मैत्रीण तिकडची. ती गोष्ट वाचायची, भिंगरी चित्रं बघायची. मग मैत्रिणीला नुसती चित्रं बघणारी सोबत नकोशी झाली. शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "चौथीच्या शेवटी सलग वाचता आलं नाही तर मी हिला पुढे घालू शकत नाही. लहान मुलांत बसावं लागेल." मी घरी येऊन तणतणले. ताई म्हणाली, "तोवर वर्ग येतोय. थोडंच राहिलंय."

दोन वर्षं सरली. सर शेवटची परीक्षा घ्यायला आले. नात्यातल्या मुलांची परीक्षा ताईने घ्यायची नव्हती, म्हणून भिंगरीला सरांनी स्वतः समोर बसवलं. चार ओळींची गोष्ट होती. भिंगरी बोट ठेवून एकेक अक्षर सुटं म्हणत गेली आणि पहिल्याच ओळीत अडकली. प्रत्येक शब्दाला मान वळवून मावशीकडे बघायची. ताई भिंतीकडे बघत उभी होती. तिचा ओठ दाताखाली होता, मी पाहिला.

सरांनी भिंगरीला गोळी दिली आणि ताईला म्हणाले, "उत्तम! फरक अगदी स्वच्छ आलाय." माणूस खरंच खूश होता हो. माझी पोर वाचू शकत नाही म्हणून खूश!

पुढे शहरात मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. परदेशातून देणगी देणारी बाई आली होती. ताईला स्टेजवर खुर्ची, हातात गुच्छ. तिने मला आणि गल्लीतल्या चार बायकांना हट्टाने नेलं होतं. वर्गाची घोषणा होणार आणि आम्ही ती कानांनी ऐकणार, म्हणून. सर बोलले. वर्गांचा उपयोग होतो हे सिद्ध झालं, म्हणाले. आणि याचं श्रेय अशा कार्यकर्त्यांना, ज्यांनी स्वतःच्या घरातसुद्धा नियम मोडला नाही. टाळ्या पडल्या. पुढचं काम दुसऱ्या देशात सुरू होतंय, हेही सांगून झालं. आमच्या गल्लीचं नाव नाही.

ताई उठली. गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि माइकपाशी गेली. "सर, आमच्या गल्ल्यांचा वर्ग कधी सुरू होणार? तुम्ही शब्द दिला होतात. मी घरोघर सांगितलंय."

परदेशी बाईने सरांकडे पाहिलं, ही काय म्हणते म्हणून. सर हसत तिच्या भाषेत काहीतरी बोलले. त्या बाईचे डोळे भरून आले. ती उठली, तिने ताईला मिठी मारली आणि शिकून घेतलेला एक शब्द आमच्या भाषेत म्हणाली, "आभार! आभार!" सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. ताई त्या मिठीत लाकडासारखी उभी.

बाहेर तिने सरांना गाठलं. ते गाडीत बसता बसता म्हणाले, "वर्ग चालवणं सरकारचं काम आहे, ताई. आम्ही फक्त सिद्ध करून दाखवतो. आणि आता निधीही संपलाय." गरज सरो, वैद्य मरो.

परतताना शिंपीण एवढंच म्हणाली, "केसाने गळा कापलास गं आमचा." ताईने "मला माहीत नव्हतं" असंसुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरोघर माफी मागायला निघाली. ज्या बायका तिला आत बोलवायच्या, त्यांनी दारातूनच "कामात आहे" म्हणून परत पाठवलं. मी? मी तर तोंडाचा पट्टाच सोडला. दोन वर्षांचं साठलेलं सगळं काढलं. ताई ऐकून घेत राहिली, जणू काही मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. माझ्या बोलण्याने तिला काही झालं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

भिंगरीला पुढच्या वर्गात घातलं नाही. लहान मुलांत बसायला ती तयार होईना. मारलं, समजावलं, बक्षीस कबूल केलं. ती दप्तर कोपऱ्यात टाकून माझ्याशेजारी बसली आणि बटणं लावायला लागली. हात चांगला आहे तिचा. ते बघून मला रडू येतं.

ताईने संस्थेची नोकरी सोडली त्याच संध्याकाळी ती भिंगरीसमोर येऊन बसली. नवं पुस्तक आणलं होतं, रंगीत चित्रांचं. "ये भिंगरी. आजपासून रोज बसू. काना-मात्रा काही अवघड नसतात, मी शिकवते तुला. आता मला कुणी अडवणार नाही."

भिंगरीने सुई थांबवली नाही. आवाजही चढवला नाही. "तेव्हा कोणी अडवलं होतं, मावशी?" ती म्हणाली. "सर तर तिकडे लांब राहायचे. इथे घरात तूच होतीस."

ताई पुस्तक उघडं धरून बसून राहिली. भिंगरीने दोरा दातांनी तोडला आणि पुढचा शर्ट घेतला.