तीस किलो ज्वारी आणि अन्वीची सीट

देशमुख सरांच्या गाडीत पोत्याला बेल्ट लावून मी गंगाखेडात दोन चकरा मारल्या. पोत्यात तीस किलो ज्वारी, कारण अन्वीचं वजन तेवढंच. रेल्वे फाटकापर्यंत गेलो, तिथून कारखान्याच्या रस्त्याला लागलो. खड्डे सगळे घेतले, एक सोडला नाही. पोतं हललं नाही. सरांना फोन लावला, "सर, जमलं. पोरीला घेऊन या."

जमलं नव्हतं.

माझा धंदा गाडीच्या कुशनचा. सीट कव्हर, गादी, छत, सगळं. चौथीपर्यंत शिकलो, पण सुई-दाभण चाळीस वर्षं हातात आहे. गाडी तयार झाली की आधी आमची मालकीण, म्हणजे माझी बायको, आत बसायची. पाय लांब करायची, पाठ टेकवायची आणि तोंडावर सांगायची, "इथं रुतायलंय." गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आता बसून सांगणारं कोणी नाही, म्हणून पोतं.

सर शाळेत मास्तर. त्यांची अन्वी अकरा वर्षांची. डोकं लय तल्लख, पण हातपाय तिचं उशिरा ऐकतात आणि कमरेत बळ नाही. आठवड्यातून दोनदा तिला परभणीला व्यायामाला न्यावं लागतं. इतके दिवस ती मागच्या सीटवर आईच्या मांडीवर बसून जायची. मग आईची कंबर गेली. डॉक्टरनं पोरीला धरून बसायला मना केलं. परभणीच्या थेरपीच्या मॅडमनी पण सांगितलं, मांडीवर आणूच नका. जोरात ब्रेक लागला तर कोणाच्याच हातात लेकरू राहत नाही. म्हणजे सीट बसली नाही तर व्यायाम बंद. व्यायाम बंद झाला तर पाय पुन्हा आखडणार.

सर आले ते एकच म्हणत, "काका, तुमीच एक सीट बनवून द्या."

"दिवाण सांगा, बनवतो. हे न्हाई. गाडी ठोकली तर माझं प्लायवूड पोरीच्या बरगडीत जाईल. टेस्ट केलेली कंपनीची सीट मागवा. ती बसवायची जिम्मेदारी माझी."

अशा सीटांतली एक बूस्टर, म्हणजे लेकराला उंच करणारी सीट. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लेकरू तसंच बसलं की तो गळ्यावर आणि पोटावर येतो. बूस्टरवर बसलं की खांद्याच्या आणि कमरेच्या हाडावर येतो. हाड धक्का सोसतं, पोट सोसत नाही. सरांनी पाठीला आणि डोक्याला आधार असलेलं बूस्टर मागवलं. त्याच्यावरच मी ज्वारी फिरवून आणली होती.

अन्वीला बसवलं आणि निघालो. बाजारातल्या पहिल्या स्पीडब्रेकरला ती डावीकडं कलंडली, बेल्ट गळ्याशी आला. गाडी थांबवली. मी तिच्या बगलेत स्पंज कोंबायला लागलो.

"आबा," अन्वी म्हणाली. ती एकेक शब्द सावकाश काढते, पण पूर्ण काढते. "पोत्याला मान होती का?"

सर खिडकीकडं तोंड करून हसायला लागले. आई म्हणाली, "अन्वे, मोठ्या माणसाला असं बोलतात का?"

"मग ते मला विचारायलेत कुठं? तुमालाच विचारायलेत."

खरं होतं. माप मी सरांना विचारलं होतं, रंग आईला. जिला बसायचं तिला काहीच नाही. म्हणून विचारलं, "काय होतंय, बाई?"

"खालून डुलायलंय. झोक्यावानी."

"गाडीला स्प्रिंग असतात. डुलणारच की."

विचारलं, पण ऐकलं नाही.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तो स्पंज आधी काढा. सीटसोबत आलेलं नाही असं काहीच बेल्टच्या आत घालायचं नाही. कमरेला बळ नाही, तर तिला पाच पट्ट्यांची सीट लागेल."

दोन पट्टे खांद्यावर, दोन कमरेला, एक मांड्यांच्या मधून. अशी सीट मोठ्या लेकरांचीही मिळते, फक्त लेबलवरचं वजन आणि उंची जुळवून घ्यायची. पुण्याच्या एका दुकानदारानं पाठवली. नाही बसली तर परत घेईन म्हणाला.

ही सीट गाडीच्याच बेल्टनं आवळून बांधायची असते. बांधली, की बुडाशी धरून हलवून बघायचं. इंचभरापेक्षा जास्त हलली तर काम कच्चं. मी बांधलेली सीट चार बोटं हलली. गुडघा रोवून पुन्हा बांधली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घाम निघाला.

"कंपनीचंच काम गलत हाय," मी म्हणालो.

अन्वी दुकानाच्या दारात व्हीलचेअरवर बसून बघत होती. "आबा, गाडीतली खालची गादी कोणी केली?"

"मीच."

"लय जाड हाय."

मी गादीवर अंगठा दाबून बघितला, पुरता रुतला. कव्हर मालकिणीनं शिवलेलं होतं, तिच्या हातची शेवटची जोडी. ती तेव्हा म्हणाली होती, एक इंच स्पंज बस झाला. मी तीन घातला. गिऱ्हाईक टेकल्याबरोबर खूश झालं पाहिजे, हा माझा हट्ट. वर सगळं सोल्युशननं चिकटवलेलं. कव्हर शाबूत निघणार नव्हतं. कटर हातात घेऊन मी नुसताच उभा राहिलो.

सरांच्या ध्यानात आलं. "काका, राहू द्या. दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय बघता? ती असती तर तिनं कवाच फाडायला लावलं असतं."

कापलं. स्पंज खरवडून काढला. अन्वीनं कव्हरचा एक तुकडा मांडीवर घेतला आणि टाक्यावरनं बोट फिरवलं.

"शिलाई भारी हाय."

"शिलाई तिची. गादी माझी."

"तेच म्हणलं मी."

गाडीच्या मूळ सीटवर पाच पट्ट्यांची सीट पहिल्याच दमात बसली. धरून ओढली तर गाडी हलली, सीट नाही. अन्वीला बसवलं, पट्टे आवळले आणि त्याच स्पीडब्रेकरवरनं गेलो. मान सरळ, बेल्ट जागेवर.

"पुन्हा घ्या," अन्वी म्हणाली.

पुन्हा घेतला. चार वेळा घेतला. पाचव्या वेळी चहावाला विचारायला आला, काय हरवलंय का.

गुरुवारी परभणीला मी पण गेलो. आई पुढं बसली आणि गाव सोडायच्या आत झोपली. अन्वी खिडकीशी. दुकानांच्या पाट्या वाचायली, उसाच्या ट्रॉल्या मोजायली. मधेच मला जागं करून म्हणाली, "आबा, आई न्हाई, तुमीच घोरायलाव."

मॅडमनी गाडीतच तपासलं. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायला बघितला, चिमटीत आला नाही. म्हणजे पट्टा बरोबर आवळलेला.

"छान बसवलीय. कोणी बसवली?"

"मी," अन्वी म्हणाली. "आबा मदतीला होते."

आता दुकानात लेकरासाठी सीट घेऊन कोणी आलं, तर मी आधी लेकरालाच विचारतो आणि त्याचं ऐकतो. मऊ ते चांगलं, असं मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलो. सोफ्याला ते खरं आहे.