तात्यांची बाही

खुर्चीत बसायच्या आधीच तात्या सदऱ्याची डावी बाही कोपराच्या वर सारायचे. नव्या माणसाला वाटावं, यांचंच रक्त घ्यायचंय. रक्त असायचं त्यांच्या मुलाचं, संतोषचं. पण बापाच्या हातात सुई गेलेली पाहिल्याशिवाय संतोष स्वतःचा हात द्यायचा नाही. सुरुवातीला मी तात्यांना नुसतं टोचल्यासारखं करून पाहिलं. संतोषने दोन्ही हात काखेत दाबून धरले. मग मी त्यांचं खरंच थोडं रक्त काढायला लागले, आणि काढलंच आहे तर हिमोग्लोबिन करून द्यायला लागले. "ताई, आमची टाकी फुल हाय का बघा," म्हणून तात्या मुलाकडे बघून हसायचे. संतोष हसायचा नाही, पण हात पुढे करायचा.

मी कळंबला हायवेलगत लॅब चालवते. तात्या खोडदचे. वाटेत नारायणगावात ढीगभर लॅब आहेत, त्या सोडून हा माणूस तरण्याताठ्या मुलाला मोटारसायकलवर मागे बसवून माझ्याकडे यायचा, कारण नारायणगावात ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच. "पोराला काय झालंय म्हनून इचारत्यात. काय सांगू? ताप म्हनू? किती वर्सं ताप म्हनू?" संतोषला कॉलेजात असल्यापासून आवाज ऐकू यायचे. शिवारापलीकडच्या, आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आपल्याशी बोलतात, असं तो म्हणायचा. तात्यांनी तिथे कुंपणाच्या कामावर काही दिवस काढले होते. ते त्याला न चिडता समजावत, "बाळा, त्या फकस्त ऐकत्यात. बोलत न्हाईत." आई लवकर गेलेली. भावकीचं म्हणणं, पोराला बाहेरचं लागलंय. तात्यांचा धाकटा भाऊ तर सरळ म्हणायचा, कामचुकार आहे, दोन ठेवून द्या.

म्हणून तात्यांना पुरावा हवा होता. संतोषचा आजार रक्तात सापडावा, कागदावर यावा आणि भावासमोर धरता यावा, एवढंच त्यांचं मागणं. त्यांच्या गोठ्यात गाई होत्या, रोज डेअरीला दूध जायचं. "तितं दूध वतलं की मशीन फॅट सांगतं, पानी घातलं तर त्येबी सांगतं. तुमचं मशीन येवढं म्हागाचं, त्येला ह्ये दिसना व्हय?" साखर, थायरॉइड, लिव्हर, जे डॉक्टर लिहून देत ते मी करायचे आणि दरवेळी सगळं नॉर्मल यायचं. त्या शब्दाचा त्यांनी धसकाच घेतला होता. "नॉर्मल म्हनू नका, ताई. नॉर्मल असता तर आमी हितं कशाला आलो असतो?" मला राग यायचा. त्यांचा नाही, त्या मशीनचा.

मग संतोषला गोळ्या देणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना एका संशोधनाबद्दल सांगितलं. अशा आजारात रक्तातली आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यातली काही प्रोटीनं निरोगी माणसापेक्षा वेगळी दिसतात का, हे ते तपासत होते. रुग्णांचे नमुने हवे होते आणि तुलनेला निरोगी माणसांचेही. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं गावाने सांगून झालं. तात्या ठरल्याप्रमाणे पाठीत सुई घ्यायला आधी स्वतः कुशीवर झोपले. मागाहून संतोष आपणहून झोपला. "मला शाण्या मान्सांत घेतलं, ताई," तात्या मला कौतुकाने सांगत होते. "जल्मात पयल्यांदा कुनी शाणा म्हनलं."

त्यानंतर काही दिवसांतच ते एकटे आले. बाही खालीच होती. पुण्याहून आल्यावर संतोष पार बिघडला होता. गोठ्यातल्या गाई सोडून दिल्या, कानांवर हात दाबून तबकड्यांच्या कुंपणाकडे धावत सुटला, बापालाच ओळखेना. दवाखान्यात न्यायला जीपमध्ये घालण्यासाठी तात्यांना त्याचे हात बांधावे लागले, गाईच्या दाव्याने. मी विचारलं, गोळ्या देत होतात ना?

"गाईला विंजेक्शन चालू आसलं की तिचं दूध डेअरीला घालत न्हाईत, ताई. तपासनी बिघडती. म्हनून पुन्याला जायच्या आदीपासनं गोळ्या बंद ठिवल्या व्हत्या. कुनाला बोललो न्हाई. वाटलं, आजार निव्वळ दिसंल."

मी कडक बोलायला तोंड उघडलं होतं. त्यांच्या तळहातावर दाव्याचा वळ होता. संतोषने ओढलं तेव्हा उठला असणार. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

संशोधनाचा निकाल बऱ्याच महिन्यांनी आला, तो डॉक्टरांनी सांगूनही तात्यांना उमगला नव्हता. मी त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. दोन गावांचे दोन टँकर घ्या, एक आजाऱ्यांचा, एक शाण्यांचा. याची फॅट कमी, त्याची जास्त, हे सांगता येतं. पण टँकरवरून एकट्या गाईचं काही सांगता येत नाही. एवढंच अजून कळलंय.

"म्हंजी माज्या पोराचं दूध टँकरात गेलं."

"हो."

"पर फरक हाय?"

"आहे."

"मंग बाहेरचं न्हाई." हे ते स्वतःशीच म्हणाले. कागद काही मिळाला नाही.

दरम्यान संतोषला एक वेगळी गोळी सुरू झाली, बाकीच्या हरल्यावर देतात ती. ती लागू पडली. तो झोपायला लागला, धारा काढायला लागला. पण या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, त्यामुळे ठरलेल्या वेळी रक्त तपासावंच लागतं. तपासणी नाही तर गोळी नाही. तात्यांच्या बाहीवर आता सगळंच येऊन ठेपलं. एकदा संतोष बाहेर गेलेला पाहून ते हळूच म्हणाले, "मी हाय तवर बरं हाय. माज्यामागं ह्येनं हात कुनाला द्यायचा?" मी म्हटलं, मी आहे ना.

तात्या गोठ्यातच गेले, सकाळी, धार काढताना. दहावा-तेरावा झाल्यावर धाकटा भाऊ संतोषला घेऊन आला. दोघांचीही डोकी भादरलेली. संतोष नेहमीच्या जागी बसला आणि शेजारची बापाची खुर्ची त्याने मोकळी ठेवली.

मी माझी बाही वर केली. सुई खरीच टोचून घेतली, रक्त दाखवलं. त्याने नीट पाहिलं आणि मान हलवली. "तुमचं नको. आधी तात्यांचं."

दोन ठेवून द्या म्हणणारा तो चुलता पुढे आला. मग त्याने मनगटाचं बटण काढलं. "बाळा, माजं बघ. एकच रगात हाय आमचं." संतोषने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तात्या येऊ द्या," तो म्हणाला आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून दाराकडे तोंड करून बसला.

"गोळ्या उद्यापत्तुर पुरत्याल," चुलता मला म्हणाला. त्याची बाही अजून वरच होती. बाहेर हायवेला एखादी मोटारसायकल थांबली की संतोष मान वर करत होता. थोड्या वेळाने चुलताही करायला लागला. मग मीही.