तिसरं बटण

ताईला घरात सगळे 'डॉक्टर' म्हणायला लागले त्याला नऊ वर्षं झाली. पदवी मिळायची तेवढी राहिली होती. डॉक्टरकी वनशास्त्रातली, हे काकांना कधी पटलं नाही. दर भेटीत ते पायजमा वर करून विचारत, "काय डॉक्टर, हा गुडघा कुठल्या लाकडाचा?"

"वाळवी लागलेल्या," ताई म्हणे.

काम तसं साधं. जुन्या जंगलातली दोनशे झाडं निवडायची, दरवर्षी ठरावीक महिन्यात त्यांचा घेर मोजायचा आणि ती किती वाढतात ते सांगायचं. घेर जमिनीपासून एकशे सदतीस सेंटिमीटरवर घ्यायचा, असा नियम. त्याहून खाली घेतला तर बुंधा जाड भरतो. म्हणून तेवढ्या उंचीची काठी जवळ ठेवतात. पहिल्याच दिवशी ताई काठी विसरली. सोबतीला दिलेले वनरक्षक, ज्यांना सगळे मामा म्हणत, छाती काढून उभे राहिले.

"काठी कशाला, बाई? मला मोजा की."

मोजलं. त्यांच्या शर्टाचं वरून तिसरं बटण बरोब्बर एकशे सदतीसवर भरलं. काठी कायमची घरी राहिली.

पुढची सात वर्षं मामा झाडाला छाती भिडवून उभे राहत, बटणाच्या रेषेत टेप गुंडाळत, आकडा सांगत आणि म्हणत, "लिहा, बाई." मग तिथेच पांढरा पट्टा ओढत. मागच्या वर्षीचा पट्टा तोवर शेवाळाखाली गेलेला असे. ताई स्टुलावर बसून वहीत बघत असे. आकडे सुरेख येत होते. झाडं अपेक्षेच्या दीडपट वेगाने वाढत होती. मार्गदर्शक सर खूश होते, आणि सर खूश होण्याचा वेगही झाडांहून फारसा वेगळा नव्हता.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आतच मामा गेले. ताईला ते दोन महिन्यांनी कळलं. तिने प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांच्या नावाआधी 'कैलासवासी' घातलं आणि पान पुन्हा छापलं.

मुखपृष्ठाला फोटो हवा म्हणून ती जंगलात गेली. पट्टा नीट दिसावा म्हणून एकेचाळीस नंबरच्या झाडावरचं शेवाळ तिने ब्रशने घासलं. पट्टा निघाला. त्याच्या वर आणखी एक. त्याच्याही वर. सात पट्टे, शिडीसारखे, वरचे चार एकमेकांना खेटून: पहिला तिच्या खांद्याशी, शेवटचा बरगड्यांशी. शेजारच्या झाडावर तेच. त्याच्या शेजारच्यावरही.

झाडं नेहमीच्याच संथपणे वाढत होती. वाकत होते ते मामा.

ताई म्हणते, त्या दुपारी तिला मागे वळून बघवेना. प्रत्येक बुंध्याशी कुणीतरी छाती भिडवून उभं होतं, वर्षागणिक जरा ठेंगणं.

सरांनी ऐकून घेतलं. "सादर करून टाक गं. परीक्षक काय टेप घेऊन जंगलात जाणार आहेत?"

"ते नाही जाणार, सर. पण मामा तिथेच आहेत."

सरांनी तिला थोडी विश्रांती घ्यायला सांगितलं.

तिने विश्रांतीऐवजी मुदतवाढ घेतली. काठी घेऊन दोनशे झाडांवरच्या एकूण एक पट्ट्याची उंची मोजली, घेर नव्याने घेतले. आकडा वाचून झाला तरी पेन वहीवर टेकत नसे. ती थांबून राही. मग स्वतःच हलकेच म्हणे, "लिहा, बाई."

वाकण्याचा हिशेब वजा केल्यावर जे उरलं ते असं, की झाडं सावकाश वाढतात. हे जंगलातल्या कुणालाही ठाऊक होतं. पदवी मात्र मिळाली. परीक्षकांना सगळ्यात आवडलं ते शेवटचं परिशिष्ट, 'मापनातील त्रुटी'. त्यात एकच तक्ता आहे, सात वर्षं आणि बटणाची सरासरी उंची: १३७, १३६, १३६, १३५, १३०, १२८, १२६.

प्रबंध घरी आला तेव्हा आईने चष्मा लावून तेवढंच पान वाचलं.

"पाचव्या वर्षी एकदम का गं वाकले?"

ताईने त्या वर्षाची वही काढली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. दोनशे घेर होते, दुसरं काही नव्हतं. अक्षर फार सुंदर होतं.